तीनदा विकत घेतलेला ‘ड्रेड’

मागच्या रविवारी नवऱ्याने टीव्हीखालचं कपाट आवरायला काढलं आणि तीन डब्या माझ्यापुढे मांडून विचारलं, “यातली कुठली ठेवायची?” तिन्हींवर तेच हेल्मेट, तीच वाकडी जिवणी, चित्रपटाचं तेच नाव. ‘ड्रेड’. एक थ्री-डी ब्लू-रे (डीव्हीडीहून स्पष्ट चित्राची डिस्क), एक साधी डीव्हीडी, एक फोर-के (ब्लू-रेहूनही स्पष्ट). मी म्हटलं, आधी बघते, मग सांगते. आठवडाभर रात्री जेवणं झाल्यावर एकेक लावली. हे परीक्षण त्यातलं.

चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो २०१२ च्या गणपतीत. १९ सप्टेंबरला आमचा दीड दिवसाचा गणपती बसला, २० ला विसर्जन झालं, आणि २१ ला अमेरिकेत ‘ड्रेड’ लागला. आम्ही शनिवारी रात्री गेलो, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून वीस मिनिटांवरच्या थिएटरात. आम्हाला धरून नऊ माणसं. थ्री-डी सोडून साधा खेळ कुठेच जवळपास नव्हता, म्हणून चष्म्याचे जादा पैसे भरले. दीड तासानंतर बाहेर पार्किंगमध्ये मी जवळजवळ ओरडलेच, “याचा दुसरा भाग यायलाच पाहिजे!” नवरा अकाउंट्सवाला. तो म्हणाला, “नऊ माणसांत?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जज ड्रेड हा ब्रिटिश कॉमिकमधला नायक. ‘२००० एडी’ या साप्ताहिकात १९७७ पासून आहे. पोलीस, न्यायाधीश आणि फाशी देणारा, तिन्ही एकच माणूस. उडता येत नाही, अंगात कुठली शक्ती नाही, म्हणून त्याला सुपरहिरो म्हणायचं की नाही यावर लोक वाद घालतात. मला त्यात रस नाही. चित्रपटात तो आणि एक शिकाऊ मुलगी दोनशे मजली इमारतीत अडकतात आणि गुंडांची राणी मा-मा सगळी दारं बंद करते. बस, एवढीच गोष्ट. कार्ल अर्बनने शेवटपर्यंत हेल्मेट काढलेलं नाही. मी पुण्यात शिकले आहे. स्वखुशीने इतका वेळ हेल्मेट घालणारा माणूस मला तिथे कधी दिसला नाही.

आता पहिली डबी. थ्री-डी ब्लू-रे ८ जानेवारी २०१३ ला आला, मंगळवारी. इथे नव्या डिस्क मंगळवारी येतात. ऑफिसमधून परस्पर दुकानात गेले आणि पंचवीसेक डॉलर मोजले. एकाच डबीत थ्री-डी, साधी आवृत्ती आणि डिजिटल प्रत. चित्र उत्तम. कॅमेरा अँथनी डॉड मँटलचा, ज्याला मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी ऑस्कर मिळालं होतं. या चित्रपटात ‘स्लो-मो’ नावाचा एक अमली पदार्थ आहे, तो ओढला की माणसाला वेळ अगदी संथ झाल्यासारखा वाटतो. ते प्रसंग अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले आहेत. मा-मा बाथटबमध्ये पडल्या पडल्या हात उचलते आणि पाण्याचे थेंब काचेच्या मण्यांसारखे हवेत सुटतात. आमच्या जुन्या थ्री-डी टीव्हीवर ते थेंब खरोखर दिवाणखान्यात यायचे. घरी आलेल्या प्रत्येकाला मी तेवढा तुकडा दाखवला आहे. त्या वर्षी आलेल्या सासूबाईंनाही. त्या म्हणाल्या, “पाणी छान आहे, पण बाई चांगली दिसत नाही.” बरोबर ओळखलं.

सोबतच्या पुरवण्यांपैकी दोनच बघण्यासारख्या. कॉमिकच्या पस्तीस वर्षांवरचा माहितीपट, ज्यात चित्रकार आणि लेखक स्वतः बोलतात, आणि दृश्यपरिणामांवरचा भाग. बाकीचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे म्हणजे जाहिरातीच. मा-माची पूर्वकथा सांगणारं हलतं कॉमिक आहे; ते चित्रपटानंतर बघा, आधी नको.

ही डिस्क मी घेतली ती चित्रासाठी नाही, दुसऱ्या भागाच्या बाजूने मत द्यायला म्हणून. चित्रपट थिएटरात आपटला होता. खर्च साधारण साडेचार कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई १ कोटी ३४ लाख, जगभरची सगळी मिळून चार कोटींच्या आसपास, आणि त्यातला निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा. पण डिस्क निघाली आणि पहिल्याच आठवड्यात इथे सुमारे साडेसहा लाख प्रती खपल्या, डिजिटल धरून. चाहत्यांना चेव आला. दुसऱ्या भागासाठी अर्ज निघाला, त्याला खुद्द ‘२००० एडी’च्या प्रकाशकांनी पाठिंबा दिला, सह्यांचा ढीग पडला. त्यात माझी एक. जो तो सांगत होता, डिस्क घ्या, म्हणजे त्यांना आकडा दिसेल.

मी मिरजेची. लहानपणी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं आणि आई पंधरा पैशांचं पोस्टकार्ड पाठवायची. गाण्याचं नाव, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, वर दोन शेजारी, कारण नावं जास्त असली तर कार्ड वाचलं जातं असा तिचा ठाम समज होता. एकदा वाचलंही. त्यामुळे मागणी केली की मिळतं हे माझ्या हाडात बसलेलं आहे. तिथे तबकडी निवेदकाच्या मागच्या कपाटात आधीपासून होती हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उजाडली.

त्याच भरात दुसरी डबी घेतली, साधी डीव्हीडी, ऑफिसातल्या सहकाऱ्याला वाढदिवसाची भेट. म्हणजे दुसरं मत. आठवड्याने त्याने ती संकोचत परत आणून दिली. त्याच्याकडे प्लेअरच नव्हता. या प्रतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आजच्या मोठ्या पडद्यावर ती धूसर दिसते, अंधाऱ्या जिन्यांमध्ये नुसता काळा चिखल. चार डॉलरला मिळाली तरी घेऊ नका.

घेतलेली मतं गेली कुठे, ते नवऱ्याने एकदा कांदा चिरता चिरता समजावून सांगितलं. आम्ही सगळे ‘स्टुडिओ’कडे मागणी करत होतो आणि या चित्रपटाला तसा एक स्टुडिओच नव्हता. लेखक अ‍ॅलेक्स गारलंड आणि डीएनए फिल्म्स लंडनचे, चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत. विक्री आयएम ग्लोबलची, आणि त्या कंपनीत मोठा हिस्सा अनिल अंबानींच्या रिलायन्सचा. श्रेयनामावलीत ते नाव आहे. मेगा-सिटी वन, म्हणजे ड्रेडचं शहर, उभं करायला थोडा पैसा आपल्या मुंबईतून गेला होता! अशा चित्रपटाचे हक्क प्रत्येक देशातल्या वितरकाला आधीच विकतात आणि त्या करारांच्या जोरावर पैसा उभा करतात. अमेरिकेत वितरक लायन्सगेट, ब्रिटनमध्ये दुसरा, आणखी कुठे तिसरा. मी एडिसनमध्ये दिलेल्या पंचवीस डॉलरमधून आधी दुकानदार आपलं काढणार, मग वितरक जाहिरातीचा खर्च वळता करणार. दुसऱ्या भागाचे हक्क विकायला कोणी बाजारात गेलाच, तर परदेशातला वितरक पहिला प्रश्न विचारणार, थिएटरात धंदा किती झाला? तिथे माझी डबी कुणाच्या खिजगणतीत नाही. गारलंडने तर २०१३ मध्येच दुसऱ्या भागाची आशा ठेवू नका असं सांगून टाकलं होतं. आम्ही त्यानंतरही सह्या करत राहिलो.

“मग त्या झॅक स्नायडरवाल्यांचं कसं जमलं?” मी विचारलं. तेही चाहतेच. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोपटाची दिग्दर्शक स्नायडरच्या मनातली मूळ आवृत्ती द्या म्हणून त्यांनी अडीच वर्षं धोशा लावला, जाहिरात फलक लावले, विमानामागे फडकं उडवलं, आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेला लाखो डॉलर गोळा करून दिले. ही शेवटची गोष्ट मला मनापासून आवडली. मे २०२० मध्ये घोषणा झाली, मार्च २०२१ मध्ये चार तासांचा चित्रपट आला, वरून आणखी सात कोटी डॉलर खर्चून. पण ती घोषणा झाली त्याच महिन्यात वॉर्नर स्टुडिओची एचबीओ मॅक्स ही इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी सेवा सुरू होत होती, वर्गणीदार हवे होते, चित्रीकरणं टाळेबंदीत ठप्प होती, आणि बराचसा चित्रपट आधीच चित्रित होऊन पडला होता. कपाटात तबकडी होती. त्याच लोकांनी पुढचे भाग मागितले, तेव्हा तितक्याच जोराच्या आरोळीला वॉर्नरने नाही म्हटलं. ‘डेडपूल’ या चित्रपटाचंही तसंच: जुलै २०१४ मध्ये चाचणीसाठी चित्रित केलेला तुकडा इंटरनेटवर फुटला, लोक वेडे झाले, काही आठवड्यांत फॉक्स स्टुडिओने होकार दिला. पण पटकथा कित्येक वर्षं तयार होती आणि मागायला दार एकच होतं. ‘हेलबॉय’च्या तिसऱ्या भागासाठी दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोने २०१७ मध्ये स्वतः मतदान घेतलं, लाखभर मतं मागितली, त्याहून जास्त पडली. महिन्याभरात त्यानेच कळवलं की तिसरा भाग होणार नाही.

एवढं कळूनही तिसरी डबी घेतली, २०१७ मध्ये. फोर-के. या वेळी मत म्हणून नाही, निदान मी तसं म्हणते. त्याच वर्षी मेगा-सिटी वनवर मालिका येणार अशी घोषणा झाली होती, तेव्हा मनात काय होतं कोण जाणे. मालिका आलीच नाही. फोर-के मात्र पैसे वसूल. अंधारातले रंग सुटे दिसतात, स्लो-मोमधली चमक डोळे दिपवते आणि आवाज छतावरून येतो. गोळीबाराच्या लांबलचक प्रसंगात शेजाऱ्यांचा विचार करून मला आवाज कमी करावा लागला. दोष एकच, पण मोठा: फोर-केमध्ये थ्री-डीची सोयच नसते. ज्या चित्रपटाचं पाणी दिवाणखान्यात यायचं ते आता पडद्यातच राहतं, कितीही स्वच्छ असलं तरी.

नवा प्रेक्षक असाल तर फोर-के घ्या, पंधरा-वीस डॉलरच्या वर देऊ नका, आणि मुलं झोपल्यावर लावा. रक्त खरंच खूप आहे. गोष्ट पुढे वाचायची असेल तर २०१३ पासून याच ड्रेडची कॉमिक्स आली आहेत, पहिलं ‘अंडरबेली’. दुसरा भाग मिळाला तो असा, कागदावर. २०२५ मध्ये दिग्दर्शक तायका वायटिटी नवा ‘जज ड्रेड’ करणार अशी बातमी आली, तेव्हा नवऱ्याने ती मला पाठवून खाली लिहिलं, “किती डिस्क घेऊ?”

डीव्हीडी वाचनालयाच्या देणगीपेटीत टाकून आले. फोर-के वर ठेवली. थ्री-डीची डबी नवरा उचलत होता, कारण तो टीव्ही २०१९ मध्येच गेला आणि नव्यात ती सोय नाही; दुकानात विचारलं तर विक्रेत्या मुलाने मी कॅसेट मागितल्यासारखं बघितलं. मी डबी त्याच्या हातातून परत घेतली. खणात चार काळे चष्मेही सापडले, बॅटऱ्या कधीच्याच संपलेले. तेही ठेवले आहेत.