स्निफी द व्हर्च्युअल रॅट : प्रॅक्टिकलला जिवंत उंदीर नकोच

सायकॉलॉजी शिकवणाऱ्यांनी हे सॉफ्टवेअर एकदा तरी वापरून बघाच. टोरांटो विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं काम आहे, स्क्रीनवर स्किनर बॉक्स, म्हणजे दांडी दाबली की खाण्याचा दाणा पडतो असा प्रयोगाचा पिंजरा, आणि आत स्निफी नावाचा उंदीर, जो हुंगत फिरतो, तोंड पुसतो, मधेच मागच्या पायांवर उभा राहतो आणि त्याला आपण दांडी दाबायला शिकवायचं. आधी तो खाण्याच्या भांड्याजवळ असतानाच दाणा टाकत राहायचं, म्हणजे दाणा पडल्याचा आवाज आला की खाणं आलं हे त्याच्या डोक्यात बसतं, मग मागच्या भिंतीशी कुठेही उभा राहिला तरी दाणा, मग फक्त दांडीपाशी उभा राहिला तरच. पहिल्यांदा त्याने स्वतःहून दांडी दाबली आणि दाबण्याच्या रेकॉर्डची रेघ वर चढायला लागली तेव्हा माझ्या वर्गातली मुलं अक्षरशः ओरडली! दाणा बंद केला की हळूहळू दाबणं सोडतो, पण थोडा वेळ बाहेर काढून परत आत ठेवला की पुन्हा दाबायला लागतो, पुस्तकातलं स्पॉन्टेनियस रिकव्हरी, म्हणजे सुटलेली सवय आपोआप परत येणं, असं डोळ्यासमोर दिसतं.

यात शॉकचेही प्रयोग आहेत. टोननंतर शॉक असं काही वेळा झालं की नुसता टोन वाजला तरी स्निफी जागच्या जागी थिजतो, आणि खरं सांगते, तो अ‍ॅनिमेशन आहे हे माहीत असूनही बटण दाबताना बोट अडतं. खऱ्या उंदराला वर्गात हे करायची गरजच काय? जे आधीच माहीत आहे ते पुन्हा दाखवायला जीव वेठीला धरू नये असं माझं ठाम मत आहे आणि आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच सांगतो, पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तर कॉलेजात प्रयोग टाळा.

पण म्हणून सगळं संशोधन स्क्रीनवर होईल असं मात्र नाही, कारण स्निफीत तेवढंच आहे जेवढं खऱ्या उंदरांनी आधी दाखवलं. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांचे 1967 चे प्रयोग घ्या, कुत्र्यांना चुकवता न येणारे शॉक दिले, नंतर सुटायची वाट असूनही त्यातले बरेच कुत्रे नुसते पडून राहिले, वाचताना पोटात कालवतं. त्यातून आलेली शिकलेल्या हतबलतेची थिअरी, म्हणजे काही केलं तरी उपयोग नाही हे शिकून प्रयत्नच सोडणं, डिप्रेशन समजून घ्यायला वर्षानुवर्षं वापरली गेली आणि 2016 मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपलं उलटं झालं होतं, हतबल होणं ही मुळातलीच प्रतिक्रिया, शिकावा लागतो तो कंट्रोल, म्हणजे परिस्थिती आपल्या हातात आहे हे. हे उंदरांच्या मेंदूवरच्या कामातून कळलं, कुठलाही प्रोग्रॅम हे आपणहून सांगू शकला नसता. त्या कुत्र्यांना झालेला त्रास यामुळे माफ होतो असं मला वाटत नाही, पण ते ज्ञान फुकटचं होतं असंही म्हणवत नाही. मी हे दोन्ही मुलांना स्निफी उघडायच्या आधीच सांगते.

शिकवायला पाचपैकी साडेचार. फक्त सुरुवातीचं दाण्याचं ट्रेनिंग घाईत उरकू नका, ते कच्चं राहिलं की पुढे दांडीसाठी तासभर डोकं फोडत बसावं लागतं.