दोमेन ताकाहिको: काही महिने पिऊन झाल्यावर

दोमेन ताकाहिको या जपानी वायनरीची नानात्सुमोरी ही पिनो न्वार द्राक्षाची लाल वाइन कुणी तुम्हाला ‘जपानची बर्गंडी’ (फ्रान्सचा नामांकित वाइन-प्रदेश) म्हणून दिली, तर पहिला घोट फिका वाटेल. रंग इतका पातळ की पेल्यापलीकडची अक्षरं वाचता येतात. उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावर साप्पोरोला राहायला आल्यापासून बरेच महिने मी इथल्याच योइची गावच्या वाइन पितोय आणि माझं मत ठाम झालंय: ही वाइन पहिल्या संध्याकाळी जोखू नये.

पहिल्या दिवशी लाल बेरी आणि थोडा देठाचा हिरवट वास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओली पानं, मशरूम आणि जपानी सूपचा पाया असलेल्या दाशी या रश्शासारखी खोल, खारट-गोड चव. घड देठांसकट आंबवतात, बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, त्यामुळे ही चव सावकाश उलगडते. फ्रिजमध्ये बूच लावून ठेवलेली बाटली माझ्याकडे नेहमी दिवसागणिक चांगली होत गेली.

ताकाहिको सोगा यांनी 2010 मध्ये योइचीच्या नोबोरी भागात, जुन्या फळबागेच्या जमिनीवर ही वायनरी काढली. योइची मुळात सफरचंदाचं गाव. इथं येऊन वसलेल्या, जपानच्या आइझू प्रांतातल्या सामुराई (योद्धा) कुटुंबांनी 1879 मध्ये ती पिकवली. पुढे सफरचंदाचे भाव पडले आणि 1980 च्या दशकात शेतकरी वाइनच्या द्राक्षांकडे वळले. 2011 मध्ये गाव ‘वाइन विशेष क्षेत्र’ झालं आणि परवान्यासाठी लागणारं किमान वार्षिक उत्पादन 6,000 लिटरवरून 2,000 वर आलं. एकट्यादुकट्या शेतकऱ्याला वायनरी परवडू लागली ती यामुळे. सोगांकडे शिकलेल्या काहींनी आता याच गावात स्वतःच्या वायनरी काढल्यात, त्यांच्याही बाटल्या शोधून प्या.

मी निफाडच्या बागायतदाराच्या घरचा, त्यामुळे वेली बघायला गेलोच. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी). वेल झोपतच नाही. इथं ऑक्टोबरात तोडणी, मग छाटणी, आणि वेली तारेवरून सोडवून बर्फाखाली जाऊ द्यायच्या. म्हणून खोड सरळ उभं करत नाहीत, जमिनीलगत तिरकं वाढवतात आणि ओलांडा, म्हणजे आडवी मुख्य फांदी, एकाच बाजूला ठेवतात. वर हवा उणे दहाच्या खाली गेली तरी बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास राहतं, वेलीचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) मरत नाहीत. वसंतात प्रत्येक वेल पुन्हा उचलून बांधायची. मांडवाखाली वाढलेल्या माणसाला ही मेहनत बघून हात जोडावेसे वाटतात. होक्काइदोत जूनचा पावसाळा जवळपास नसतो, बुरशीचा त्रास उर्वरित जपानपेक्षा कमी, म्हणून कमी औषधांवर शेती जमते.

जेवणाबरोबर सांगायचं तर डाळिंबी उसळ. वालाचा किंचित कडवटपणा आणि या वाइनमधला मातकट सूर एकमेकांना धरून राहतात. फक्त मिरची हात राखून घाला. कोळंबीचं झणझणीत कालवण केलं तर वाइन पार हरवते. तिथं योइचीचीच केर्नर द्राक्षाची पांढरी घ्या, आंबटपणा धारदार असतो.

आता अडचण. बाटली मिळत नाही. कोपनहेगनच्या नोमा रेस्टॉरंटनं 2020 मध्ये 2017 सालची नानात्सुमोरी यादीत घेतली, तेव्हापासून तर दुकानं सोडत काढतात. पुनर्विक्रीच्या साइटवर कित्येक पट भाव लावतात. तो देऊ नका. बाटली कुठल्या गरम खोलीत पडली होती हे कळत नाही, आणि सल्फाइट (वाइन टिकवणारं द्रव्य) कमी असलेल्या वाइनला उष्णता सोसत नाही. दुसऱ्या एका छोट्या वायनरीची अशीच बाटली मी घेतली होती, गिळल्यावर घशाशी उंदरासारखा वास येत राहिला. ओतून टाकली.

साप्पोरो किंवा ओतारूतल्या ओळखीच्या दुकानात नाव नोंदवा, उन्हाळ्यात थंड कुरियरनंच मागवा, पंधरा अंशांखाली ठेवा. सोडत लागली नाही तर पेल्यावर विकणारे वाइन बार आहेत. तिथं पेला घेतल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या, थंडपणा उतरला की मगच प्या.