ड्रेससाठी कापड: चंदेरी की महेश्वरी?

इंदुरात लग्नसराई आली की सीतलामाता बाजारात हा प्रश्न ठरलेला. साडीचं सोडा, मी कुर्ता किंवा लांब ड्रेस शिवण्याबद्दल बोलतेय.

चंदेरीच्या रेशमातला नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, म्हणून ती झिरझिरीत आणि जरा ताठ. अंगापासून सुटी राहते. शिडशिडीत बांध्याला, अरुंद खांद्यांना छान भराव देते. कंबर जाड असेल तर छातीखालून सोडलेला बेताचा घेर पोट झाकतो. पण छाती भरलेली आणि वर चुण्या? तंबू! माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात मी तोच तंबू होते, फोटो अजून कपाटात उलटे ठेवलेत. शिवाय अस्तर हवंच, तेही सुती. सिंथेटिक घातलंत तर मे महिन्यात तुमचं तुम्ही बघा.

महेश्वरी, रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे), अंगाबरोबर पडते. रुंद नितंबांवर सरळ कट, बाजूच्या चिरा जरा वरून, आणि काठ उभा मधोमध लावला की उंचीही वाढल्यासारखी वाटते. बुटक्या बायकांनी तो रुंद काठ घेराला आडवा लावू नये, असं माझं ठाम मत. ऑफिस, हळदीकुंकू, गणपती, सगळीकडे चालते.

रात्रीच्या रिसेप्शनला मात्र मी चंदेरीच घेईन, दिव्यात ती खुलते.

कापड कुठलंही असो, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, नीट बसलाय ना ते हात वर करून बघा. आणि टेलरकाकांना शिवणीत दीड इंच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं जादा कापड, ठेवायला सांगा. सराफा बाजारातली खाऊगल्ली जवळच आहे, कपडे घट्ट व्हायला वेळ लागत नाही.