आधी कच्चा ले-आऊट दाखवावा, की थेट पक्का अर्ज करावा?

जमिनीचे प्लॉट पाडायला निघालेल्या एका मैत्रिणीला हाच प्रश्न पडला आहे: नियोजन अधिकाऱ्यांशी आधी कच्च्या आराखड्यावर बोलायचं, की पूर्ण नकाशाच दाखल करायचा?

कच्च्या आराखड्याला हद्दी, उतार, ओढे आणि रस्त्याचा अंदाज एवढं पुरतं. पक्क्या नकाशाला तपशीलवार मोजणी, पाण्याच्या निचऱ्याची गणितं, रस्त्यांचं डिझाइन लागतं. पण खर्चातला खरा फरक पुढे पडतो. रस्ता धोक्याच्या वळणावर निघतोय किंवा काही प्लॉट पूररेषेत जाताहेत, हे पेन्सिलीच्या रेघेवर कळलं तर रेघ खोडता येते. नंतर कळलं तर सगळी गणितं नव्यानं करावी लागतात, आणि एव्हाना आपला जीव त्या नकाशात अडकलेला असतो.

वेळ मात्र आधीच्या चर्चेत जातोच. निर्णयाची मुदत सहसा पक्क्या अर्जापासून मोजतात. शिवाय चर्चेतलं मत बहुधा बंधनकारक नसतं. म्हणून ते लेखी मागून घ्याच.

जमीन सपाट, रस्त्यालगत आणि तुकडे दोन-तीनच असतील तर थेट अर्ज बरा. उतार, ओढा किंवा नवा रस्ता असेल तर आधी कच्चा आराखडाच न्यावा.