बातम्यांचा रतीब आपणच लावायचा: 'फीडर' ॲप वापरण्याआधी

फोनवर बातम्या उघडल्या की सगळ्यात वर काय दिसणार, हे वाचणाऱ्याच्या हातात राहिलेलं नाही. परवाची बातमी आज ताजी होऊन वर येते, एखाद्या मथळ्यावर चुकून बोट पडलं की आठवडाभर त्याच विषयाचा मारा चालतो, आणि कितीही खाली सरकवा, पान संपतच नाही. 'फीडर' हे अँड्रॉइडवरचं छोटंसं ॲप यातलं काहीच करत नाही. आपण सांगू त्याच साइट, तारखेच्या क्रमाने, आणि वाचून झालं की यादी रिकामी. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो), जाहिराती नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. प्ले स्टोअरवर मिळतं, तसंच एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपच्या भांडारावरही.

आतली यंत्रणा जुनीच आहे. आरएसएस हा प्रकार १९९९ साली नेटस्केपने आणला. साइट आपल्या ताज्या लेखांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवते. तिला फीड म्हणतात. त्यात मथळा, दुवा, तारीख आणि थोडा किंवा सगळा मजकूर असतो. ॲप ठरावीक वेळाने ती फाइल बघून येतं. गूगलने १ जुलै २०१३ रोजी फीड वाचायची आपली 'रीडर' ही सेवा बंद केली, तेव्हा आरएसएसचं तेरावं घालायची अनेकांना घाई झाली होती. (पॉडकास्ट ऐकणारे रोज तेच वापरतात, त्यांना कुणी तसं सांगत नाही इतकंच.)

साइट जोडायला फार कसरत नाही. साइटच्या मुख्य पानाचा पत्ता चिकटवला तरी ॲप त्यातून फीड शोधून काढतं. नाही सापडलं आणि साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या लोकप्रिय साधनावर) असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघावं, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं, त्यात शेवटचे १५ व्हिडिओ येतात. प्रत्येक फीडला एक टॅग देता येतो आणि बाजूच्या यादीत त्या टॅगखाली फीड गोळा होतात. टॅग विषयावरून देण्यापेक्षा 'रोज', 'रविवारी', 'जमलं तर' असे वेळेवरून दिलेले जास्त टिकतात.

फीड जोडतानाच्या पडद्यावर दोन खटके आहेत, ते नीट समजून घ्यावेत. एक, पूर्ण लेख आणण्याचा. बऱ्याच साइट फीडमध्ये दोन ओळीच देतात. हा खटका चालू केला की ॲप मूळ पानावर जाऊन मजकूर उचलतं. वर्गणी मागणाऱ्या साइटवर किंवा सगळा मजकूर स्क्रिप्टने (पान उघडल्यावर चालणाऱ्या कोडने) भरणाऱ्या पानांवर मात्र हाती अर्धा परिच्छेद किंवा नुसती कुकीची सूचना लागते. तिथे लेख ब्राउझरमध्ये उघडण्याला पर्याय नाही. दुसरा खटका लेखांना अधिक वेगळी ओळख देण्याचा. हा सहसा बंदच ठेवायचा. फीडमधल्या प्रत्येक लेखाला एक ओळखक्रमांक असतो. काही साइट तोच क्रमांक सगळ्या लेखांना चिकटवतात, मग दहा लेखांऐवजी एकच दिसतो. असं झालं तरच तो चालू करावा.

आता या ॲपची खरी अडचण. ती समजली नाही तर महिन्याभरात ॲप काढून टाकलं जातं. फीडमध्ये सगळे लेख नसतात, शेवटचे काहीच असतात. वर्डप्रेस आपणहून १० ठेवतं. दिवसाला ४० बातम्या टाकणाऱ्या साइटच्या फीडमध्ये २० जागा असतील, तर फोन दिवसभर बंद राहिल्यावर आधीच्या २० बातम्या कधीच दिसणार नाहीत. फीडली किंवा इनोरीडर यांसारख्या सेवा आपल्या सर्व्हरवर सतत गोळा करत राहतात, त्यामुळे तिथे असं होत नाही. 'फीडर' सगळं फोनवरूनच करतं. आपण काय वाचतो याची नोंद कोणत्याही कंपनीच्या खात्यात पडत नाही हा त्याचा फायदा, आणि ही गळती ही त्याची किंमत. दोन्ही एकाच कारणाने आहेत, सेटिंग बदलून सुटणारी ही गोष्ट नाही.

म्हणून वर्तमानपत्राचं मुख्य फीड जोडू नये. नवखे वापरणारे नेमके तिथेच फसतात. पहिल्या दिवशी चार वर्तमानपत्रं जोडली की तिसऱ्या दिवशी न वाचलेल्यांचा आकडा हजाराच्या घरात जातो. मोठी वर्तमानपत्रं बहुधा विभागवार फीडही देतात: अर्थ, विज्ञान, अग्रलेख. तेच घ्यावेत. सुरुवात १२ ते १५ फीडनी करावी आणि त्यातले निम्मे तरी आठवड्याला एक-दोनच लेख देणारे असावेत. पंधरा दिवसांनी प्रत्येक फीड तपासावं. वीस मथळ्यांमागे एकही लेख उघडला गेला नसेल तर ते काढावं, मग साइट कितीही नामांकित असो.

किती वेळाने तपासायचं, याचे पर्याय १५ मिनिटांपासून २४ तासांपर्यंत आहेत, शिवाय फक्त आपण म्हणू तेव्हा तपासण्याचाही आहे. १५ मिनिटं ही अँड्रॉइडचीच किमान मर्यादा, त्याखाली जाता येत नाही आणि जायची गरजही नाही. सहा तास पुरतात. वारंवार विचारणाऱ्या ॲपला काही सर्व्हर ४२९ हा संकेत देऊन परत पाठवतात, आणि ४०३ आला तर साइटने ॲपला यंत्रमानव समजून दार लावलं असं धरावं. त्यात ॲपचा दोष नाही, पण आपल्यालाही फार काही करता येत नाही. अनेक फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप झोपवतात. सकाळी उघडल्यावर कालचीच यादी दिसत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फीडर'ला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करावं. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं, असं म्हटलं तर फार वावगं ठरणार नाही.

नको असलेले विषय गाळण्याची सोय आहे. आपण दिलेला शब्द मथळ्यात कुठेही आला तर तो लेख दिसत नाही. मराठी वाचकांनी मात्र इथे थोडं व्याकरण आठवावं. यंत्राला सामान्यरूप कळत नाही. 'निवडणूक' गाळलं तरी 'निवडणुकीत' आणि 'निवडणुका' खुशाल येतात, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. दोन्ही रूपं द्यावी लागतात: 'निवडणूक' आणि 'निवडणुक'. सगळं एकात बसवायला नुसतं 'निवडण' दिलं तर 'घर निवडण्याआधी' हा उपयोगी लेखही जातो. 'क्रिकेट'सारख्या शब्दांना हा त्रास नाही, 'क्रिकेटमध्ये' किंवा 'क्रिकेटचा' त्यात आपोआप सापडतात.

लेख मोठ्याने वाचून दाखवण्याचीही सोय आहे. आवाज फोनचाच वापरला जातो, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज आधी उतरवून ठेवावा. अग्रलेख ऐकायला बरे वाटतात, आकडेवारीचे लेख नाहीत.

सूचना प्रत्येक फीडसाठी वेगळ्या चालू करता येतात. त्या सरसकट चालू केल्या तर ज्या गोंगाटातून सुटायचं म्हणून हे ॲप घेतलं, तोच दुसऱ्या दाराने आत येतो. ज्यांच्या कामाला मिनिटामिनिटाची खबर लागते, त्यांनी हे ॲप घेऊच नये. सहा तास जुनी बातमी वाचायची तयारी असलेल्यांसाठी ते आहे. नवीन साइट सुचवणं हेही त्याचं काम नाही, ती आपणच शोधून जोडायची.

सगळ्या फीडची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते आणि ती फाइल जवळजवळ कोणत्याही दुसऱ्या वाचक-ॲपमध्ये चालते. काय वाचलं आणि काय राहिलं, हे मात्र तिच्यात नसतं. नवीन फीड जोडले की ही फाइल पुन्हा काढावी आणि स्वतःलाच मेल करावी. फोनमध्ये ठेवली तर फोनबरोबर तीही जाते.