टायमर सेन्सरमध्येच हवा की पीएलसीत?

वस्तूने प्रकाशाचा किरण अडला की कळवणारा फोटोइलेक्ट्रिक सेन्सर घ्यायचा हे ठरतं, थ्रू-बीम की रिफ्लेक्टरवाला हेही ठरतं, आणि मग गाडी अडते ती टायमरपाशी. ऑन-डिले (सिग्नल ठरलेल्या वेळेनंतर देणं), ऑफ-डिले (सिग्नल आणखी थोडा वेळ धरून ठेवणं) आतच असलेलं मॉडेल घ्यावं, की साधा सेन्सर लावून वेळेचं काम पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरवर, सोपवावं? मी दोन्ही वापरून बसलोय.

टायमरवाल्याची बाजू लंगडी नाही. एक मोटर, ती चालू-बंद करणारा एक कॉन्टॅक्टर, एक सेन्सर एवढाच कारभार असेल, तर पीएलसी कशाला? रिले आउटपुटचा टायमरवाला सेन्सर लावला की झालं. वेगळा टायमर, त्याचा बेस, पॅनलमधली जागा, सगळं वाचतं. दुसरी त्याची हक्काची जागा म्हणजे वेगाने जाणारी बारीक वस्तू. 5 मिमीचा तुकडा सेकंदाला 1 मीटर वेगाने गेला, तर किरण जेमतेम 5 मिलिसेकंद अडतो. पीएलसीचा स्कॅन, म्हणजे इनपुट तपासण्याची एक फेरी, 10 मिलिसेकंदांचा असेल, तर तो तुकडा कधी दिसेल, कधी निसटेल. सेन्सरमधला ऑफ-डिले तोच सिग्नल 40 मिलिसेकंद धरून ठेवतो आणि मोजणी हुकत नाही. अर्थात दोन तुकड्यांत तेवढी फट हवी, नाहीतर दोघांचा एकच व्हायचा. पीएलसीवर हायस्पीड इनपुट (स्कॅनची वाट न पाहणारा) मोकळा असेल, तर ही गरजही उरत नाही.

माझं बिनसलं ते त्या एवढ्याशा पॉटवरून, म्हणजे सेन्सरवरची वेळ लावायच्या स्क्रूवरून.

खोकी अडकली की कन्व्हेअर थांबवायला आमच्या लाइनवर असा सेन्सर होता. किरण सलग 3 सेकंद अडला की ट्रिप. एका रात्रपाळीत तो गेला आणि फिटरने त्याच मॉडेलचा नवा लावला. वायरिंग बरोबर, अलाइनमेंट बरोबर, पण टायमर किमान वेळेवर. त्यामुळे प्रत्येक खोक्याला ट्रिप. जुनी वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. ती होती फक्त जुन्या पॉटच्या खाचेत, आणि जुना सेन्सर भंगाराच्या डब्यात. फिटरने ट्रिप थांबेपर्यंत पॉट फिरवला, वर खात्रीसाठी आणखी थोडा. सकाळी खोकं खरोखर अडकलं, तेव्हा कन्व्हेअर आठेक सेकंद मागून ढकलत राहिला. पाच-सहा खोकी चेपली.

त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. 0.1 ते 10 सेकंदांची रेंज पाऊण फेऱ्यात कोंबलेली, म्हणजे सेकंदाला जेमतेम 27 अंश. शिडीवर उभं राहून, धूळ भरलेल्या खाचेत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून नेमके 3 सेकंद लावून दाखवा! शिवाय अगदी शेजारीच, हुबेहूब तसाच, सेन्सिटिव्हिटीचा पॉट.

त्यानंतर ते काम मी पीएलसीतल्या टीओएनकडे (ऑन-डिले टायमरकडे) दिलं. तिथे 3 सेकंद हा आकडा आहे, शेजारी कॉमेंट आहे, आणि प्रोग्रामचा बॅकअप आहे. सेन्सर बदला, वेळ जागची हलत नाही. मोठं खोकं आलं तर रेसिपीबरोबर (त्या मालाच्या सेटिंगबरोबर) वेळही बदलते, शिडी न लावता.

आयओ-लिंकवाले सेन्सर, म्हणजे ज्यांचं सेटिंग तारेवरूनच देता येतं ते, या दोन्हींच्या मध्ये बसतात. 1.1 आवृत्तीपासून सेटिंग मास्टरमध्ये (हे सेन्सर ज्या युनिटला जोडतात त्यात) साठवता येतं आणि त्याच मॉडेलचा नवा सेन्सर जोडला की त्यात आपोआप उतरतं. मास्टर आधीच असेल, तर माझी तक्रार बरीचशी मिटते. फक्त एका टायमरपायी मास्टर घ्यावा, असं मात्र मी म्हणणार नाही.

पीएलसी नसेल, तर तुमचं गणित वेगळं असू शकतं. तिथे मीही टायमरवालाच घेईन. आमच्याकडे तसे दोन अजून चालू आहेत. दोन्हींची वेळ स्टॉपवॉचने मोजून पॅनलच्या दाराला आतून चिकटवली आहे आणि पॉटवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. ठिपका तडकलेला दिसला, की कोणीतरी हात लावलाय.