रबरी लँडिंग नेट : उन्हाळ्यात खडस सोडायचा असेल तर

लँडिंग नेट म्हणजे गळाला लागलेला मासा उचलून घ्यायची दांड्याची जाळी. खडस (महसीर) गळाला लावून परत पाण्यात सोडणाऱ्यांनी गाठींची नायलॉन जाळी आधी बाद करावी. तिच्या गाठी खवले उचकटतात, पर चिरतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काढतात. तो थर गेला की तिथेच बुरशी धरते. मासा आपल्यासमोर झोकात पोहत गेलेला असतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही वापरली ती जाळी अख्ख्या रबराची, ओतीव. कडं 60 बाय 50 सेंमी, खोली 45 सेंमी, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा दीड मीटरपर्यंत लांबतो. तळ सपाट असल्याने तीन-चार किलोचा खडस आत आडवा राहतो, दुमडत नाही. दुकानात ‘रबरी’ म्हणून नायलॉनवर नुसता मुलामा दिलेलीही विकतात. ती स्वस्त आणि हलकी असते, पण तिकडी (तीन टोकांच्या) गळाचं टोक मुलामा फोडून आतल्या धाग्यात रुततं. मग गळ सोडवताना मासा वाट बघत बसतो.

मे महिन्यात नेमकी तेवढीच वाट महागात पडते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. माशाची गरज मात्र पाणी तापेल तशी वाढते. थंड पाण्यातला ट्राउट मासा धरणारे पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं की गळ गुंडाळतात. खडस उष्ण पाण्यातला, त्याला तो आकडा लागू नाही, पण दमलेला खडसही उशिराच सावरतो. त्यामुळे बारीक लाईनवर अर्धा तास ‘खेळवण्याची’ हौस उन्हाळ्यात नको. जाड लाईन लावा आणि लवकर काठाला आणा. पहाटेचं पाणी थंड असतं खरं, पण शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात प्राणवायू नेमका पहाटेच सर्वांत कमी असतो. तिथे उजाडल्यावर थोडं थांबलेलं बरं.

वापरताना कडं आधी पाण्यात बुडवा. उन्हात पडलेलं अ‍ॅल्युमिनियम हाताला चटका देतं, माशालाही देणारच. मासा डोक्याच्या बाजूने आत घ्या आणि जाळी पाण्यातच ठेवा. हात ओले करा, कल्ल्यांत बोटं घालू नका, जबड्याला धरून उभा लटकवू नका. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबलेला असेल तर लांब चिमट्याने एका झटक्यात निघतो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाओढ न करता लाईन तोंडाजवळ कापा. फोटो हवा तर कॅमेरावाला तयार झाल्यावरच उचला, दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन, दहा सेकंदांच्या आत. काठावरच्या तापलेल्या कातळावर तर अजिबात ठेवू नका.

सोडताना हीच जाळी पिंजऱ्यासारखी कामी येते. कडं पाण्याखाली झुकवून माशाचं तोंड प्रवाहाकडे ठेवा. पुढे-मागे ढकलायची जुनी सवय सोडा, मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. हलकेच कुशीवर कलवून पाहा: लगेच सरळ झाला आणि शेपटीने जोर लावला तर सोडा, नाहीतर अजून थांबा.

आता खोड्या. ही जाळी नायलॉनपेक्षा चांगलीच जड आहे, आणि वाहत्या पाण्यात एका हाताने फिरवताना मनगट भरून येतं. दांड्याचं प्लॅस्टिकचं लॉक हा तर सरळ कच्चा दुवा. वाळूचा कण गेला की ते सरकतं, म्हणून दर वेळी धुऊनच मिटवावं. दांडा आडवा धरून मासा उचललात तर तो सांध्यातच वाकेल. उचलायचंच असेल तर कडं दोन्ही हातांनी धरा. आणि जाळी बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने रबर चिकट होतं आणि भोकं एकमेकांना चिकटून बसतात.

दांड्यासाठी एक तारा कापला. पाचपैकी चार.